बाबांचा भरलेला कप

रविवार, संध्याकाळ. लालबाग.

मला बघायला मुलाकडच्यांनी फोर्टमधल्या बड्या हॉटेलात चहाला बोलावलं होतं. चांदीची किटली, नाजूक कप. बाबांनी कपाला हातच लावला नाही. मुलाची आई म्हणाली, "घ्या ना, निवतोय." बाबा नुसते हसले. त्यांना चहा लागतो बशीत ओतून, आवाज करत. मोर्चात ‘मुंबई आमची’ म्हणून घसा बसेपर्यंत ओरडणारे माझे बाबा! तो भरलेला कप डोळ्यांपुढून हलत नाही. घरी आल्याआल्या बाबांनी आईकडे चहा मागितला, दोन बशा प्यायले. मुलाकडून होकार आलाय. आता मी नको कुठल्या तोंडाने म्हणू? बाबा तर खूश. म्हणाले, "मुलगा चांगला आहे गो बाय. येत जाईन मी तुझ्याकडे. फक्त चहाचा आग्रह करू नको."