पाच सुताची गोटी

नानाखेडा, उज्जैन
रविवार

प्रिय प्रसाद,

फोनवर तू दोन मिनिटांत "बरं ताई, ठेवतो" म्हणतोस, आणि मला जे सांगायचंय ते दोन मिनिटांत मावणारं नाही. शिवाय अण्णांच्या पेटीचा विषय निघाला की तू गप्प होतोस. आज मी तो काढणारच आहे. तेव्हा चहा घेऊन बस, आणि बायकोला, मीनाला, देण्याआधी हे पत्र स्वतः वाच.

आधी बातमी. माझ्याकडे गोटी-पान्यांचे सतरा जुने सेट झाले, नटावर बसवून फिरवायच्या त्या लोखंडी गोट्या आणि त्यांचा दांडा! बँकेतून रिटायर झालेल्या बायका भजनी मंडळात जातात, तुझी बहीण फ्रीगंजच्या मागे भंगार विकणाऱ्या कबाड्याकडे जाते. म्हातारा मला 'पानेवाली दीदी' म्हणतो आणि गंजका डबा आला की बाजूला काढून ठेवतो. मी ते रॉकेलमध्ये भिजत घालते, तारेच्या ब्रशनं घासते, भिंग लावून छाप वाचते. गंजाखालून अक्षरं वर आली की असा जीव हरखतो, काय सांगू! शेजारच्या मृणालला वाटतं मला वेड लागलंय. लागलंच आहे, भई.

ओळखायला शिकता शिकता वर्षं गेली. आकड्याबरोबर डब्ल्यू असेल तर तो आकडा बोल्टच्या जाडीचा, नटाच्या तोंडाचा नव्हे. हे कळायच्या आधी मी नुसतं 'पाच सूत', म्हणजे पाच अष्टमांश इंच, मागायची आणि भलतीच बारकी गोटी घरी यायची. अण्णांच्या पेटीतल्या त्या रिकाम्या घरात टाकली की खुळखुळायची. अशा चार पडल्या आहेत माझ्याकडे.

हो, त्याच घरात. अकरा घरांची ती हिरवी पत्र्याची पेटी अण्णांनी ते कामाला होते त्या शेडमधल्या एका रिटायर होणाऱ्या मिस्त्रीकडून घेतली होती. रविवारी ते तुला शेजारी बसवून एकेक गोटी पुसायला द्यायचे. मी कणीक मळत लांबून बघायची. तुझ्या हातून गोटी निसटली तर ते हसायचे, मी नुसतं झाकण उघडलं तरी डोळे वटारायचे. 'पोरींचं लोखंडात काय काम' हे त्यांचं ठरलेलं. तेव्हा मला तुझा किती राग यायचा, तुला सांगून खरं वाटणार नाही.

तो दिवस तू विसरला नसशील. तू नऊ वर्षांचा होतास. अण्णांनी पेटी उघडली तर पाच सुताचं घर रिकामं. "गोटी कुठाय?" म्हणून ते ओरडले, आणि तू, वेंधळ्या, मान खाली घालून म्हणालास, "ओंकारकडे. मी हरलो." अण्णांचा हात उठला तो थांबेचना. शेडमध्ये दिवसभर हिंदी बोलणाऱ्या त्या माणसाची गोटी लोखंडाची होती. तुझी काचेची, हिरवी, सकाळीच खेळात ओंकारनं जिंकलेली. तू रडत रडत "कंचा, कंचा" म्हणालास, खेळायच्या गोटीचा हिंदी शब्द, तर अण्णा म्हणाले, आता शब्द फिरवतो! त्यानंतर त्यांनी तुला पेटीजवळ बसवलं नाही. तूही पुन्हा पाना हातात धरला नाहीस, सायकलची चेन उतरली तरी दुकानात न्यायचास.

आणि मग अण्णांचा दहावा. राम घाटावर सगळं आटोपून तू ओल्या धोतरानं वर आलास आणि म्हणालास, "ताई, ते मला शेवटपर्यंत चोरच समजले." मी टॉवेल पुढे केला. बस, टॉवेल! त्याला सहा वर्षं झाली, तू इकडे फिरकला नाहीस.

मागच्या मंगळवारी कबाड्यानं एका भंगार ट्रॅक्टरच्या डब्यातून एकटी गोटी काढून दिली. पाच सूत, शेजारी डब्ल्यू, खाली आपल्या पेटीवर आहे तीच ढालीची छाप. घरी येऊन मी ती त्या घरात ठेवली. टक्कन बसली. मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

कारण ही अण्णांची नाही रे. अण्णांची मी फोडली. तुला मार बसला त्याच्या आदल्या दिवशी माझ्या मैत्रिणीकडचा, सुलूकडचा, पाण्याचा पंप बिघडला होता. मी ऐटीत पाना आणि ती गोटी पळवून नेली, नट हलेना म्हणून दांड्याला पाइप लावून जोर दिला, आणि गोटी उभी चिरली. घाबरून राम घाटावरून शिप्रेत टाकली. तू "ओंकारकडे" म्हणालास तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तू कुठल्या गोटीबद्दल बोलतोयस, हे त्या घरात एकट्या मलाच कळलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, नाही बोलले. आधी भीती होती, पुढे लाज. आणि खरं लिहायचंच ठरवलंय तर, पहिले दोन दिवस मला बरंही वाटलं होतं. हे सतरा सेट त्या एका घरासाठी जमले, दुसरं काही नाही. अण्णांना सांगायचं राहून गेलं, ते आता होणे नाही. मला माफ कर, प्रसाद. ही आता सापडलेली गोटी पुन्हा काढून फडक्यात बांधून ठेवलीय, घर रिकामंच आहे. ये आणि तुझ्या हातानं बसव. नाही आलास तरी चोर कोण होतं ते आता तुझ्याजवळ माझ्या अक्षरात आहे. मीनाला वाचून दाखव, तुझ्या लेकीला, गौरीलाही दाखव.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
शैलाताई