साहेबांना समुद्रात सोडून गेल्याच्या मेमोबाबत

प्रति,
मा. कार्मिक अधिकारी,
नूर अल साहिल ॲल्युमिनियम वर्क्स,
अल कुसैस, दुबई.

विषय : वरिष्ठांना समुद्रात सोडून गेल्याचा मेमो रद्द होणेबाबत.
संदर्भ : आपला मेमो क्र. ४१, दि. ११ एप्रिल १९९९.

महोदया,

मी किसन धाकू परब, स्टोअरकीपर. "इंग्रजी जमत नसेल तर मराठीत लिहा," असे आपण म्हणालात, म्हणून हा अर्ज मराठीत सादर करीत आहे.

१. शुक्रवारी उम्म अल क्वैनच्या किनाऱ्यावर कंपनीची पिकनिक होती. आमचे मॅनेजर श्री. कारखानीस साहेब जेटस्की, म्हणजे पाण्यावरची स्कूटर, चालवायला निघाले व "परब, तू देवगडचा, मागे बस," म्हणाले. लाइफ जॅकेटमध्ये पोट मोठे दिसते म्हणून ते जॅकेट घालत नव्हते. मी हातापाया पडून ते घालायला लावले. ही बाब मेमोत आलेली नाही.

२. जेटस्कीवाल्या पठाणाने बजावले, "ये डोरी हाथ में बाँधो. गिरेगा तो मशीन खलास." म्हणजे माणूस पडला की दोरी निघून इंजिन बंद पडते. साहेबांना वाटले, दोरीने मशीनच मोडते. "नसती जबाबदारी नको," म्हणत त्यांनी दोरी हँडललाच गुंडाळली.

३. पुढे मोठी लाट आली. साहेब पडले, मी राहिलो. आधारासाठी मी हँडल धरले, त्यातच रेसचा खटका होता. मी जितका घाबरून मूठ आवळी, तितकी जेटस्की पळे. मेमोत मी "मागे वळूनही न पाहता" गेलो असे म्हटले आहे. ते खरे आहे. मी डोळे मिटले होते.

४. किनाऱ्यावरून पठाण "हाथ छोड़ो!" ओरडत होता. बोटे बधिर झाल्यावर हात आपोआप सुटले व जेटस्की वाळूच्या उंचवट्यावर थांबली. साहेब जॅकेटमुळे तरंगत राहिले. पठाणाने बोटीने त्यांना सुखरूप आणले.

तरी मेमो रद्द व्हावा, व पुढील पिकनिकला दोरी मनगटाला बांधल्याशिवाय कोणासही, मॅनेजर असले तरी, जेटस्की देऊ नये, ही विनंती.

ता. क. गोपनीय : काल साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावले व "दर शुक्रवारी मला पोहायला शिकव, कोणाला सांगू नकोस," असे सांगितले. मी होकार दिला आहे. मलाही पोहता येत नाही, हे त्यांना मेमो रद्द झाल्यावर सांगेन.

आपला नम्र,
किसन धाकू परब
दि. १३ एप्रिल १९९९

सोबत : पिकनिकचा फोटो (साहेब जॅकेटसह).