आईची एक्केचाळीस मिनिटं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुला दिसत नसलं तरी वाकून केला आहे, आणि कंबरेत उसण भरलेली असताना केला आहे, याची नोंद असू दे. तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांचं विचारत नाही. मागच्या पत्रात विचारलं तर "डोळे गेले, कान शाबूत आहेत, त्यांच्यासाठी तू काय करतो आहेस ते सांग," असं उलट टपाली आलं. तेव्हा गुडघे कसे आहेत, झोप लागते का, एवढंच विचारतो. पत्र वाचून दाखवणाऱ्या माझ्या भाचीला आशीर्वाद. (चिमणे, सावकाश वाच, आणि कंसातलं मोठ्याने वाचायचं नाही. ते फक्त तुझ्यासाठी असतं.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हे प्रकरण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय माझी बाजू कुणाला कळायची नाही.

तुझ्या खोलीत सीडी वाजते, कॅसेट वाजत नाही. म्हणून आईची कॅसेट सीडीवर उतरवून पाठवतो, असा शब्द मी तुला दिला त्याला सहा महिने झाले. आईचा आवाज म्हणून आपल्याकडे तेवढंच आहे. बाबांनी टेपरेकॉर्डर घरी आणला, तो चालू करून बघत होते आणि तो चालू आहे हे आईला माहीत नव्हतं. "घरात बोलणारी माणसं कमी पडली म्हणून हे आणलंत का?" इथून सुरुवात करून ती एक्केचाळीस मिनिटं थांबली नाही. फोटो आता तुझ्या उपयोगाचे नाहीत, तुला ती ऐकायची आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच मी तो सीडी रेकॉर्डर नावाचा हलकट डबा घेतला. घेतला म्हणजे पायावर धोंडा मारून घेतला.

पहिली गोष्ट म्हणजे त्याचे नखरे. कॉम्प्युटरला चालणारी सीडी याला चालत नाही, याला खास गाण्याची म्हणून निराळी सीडी लागते. ती घातली की आत घेतो, घर्र घर्र करतो, विचार करतो आणि जीभ बाहेर काढावी तशी परत बाहेर काढतो. बोट लावून ढकलली तर घेत नाही. पाठ फिरवली तर घेतो! त्यात रेकॉर्ड आणि प्ले ही दोन्ही बटणं एकदम दाबावी लागतात, आणि एक्केचाळीस मिनिटांचं भरायला पूर्ण एक्केचाळीस मिनिटंच लागतात. बरं, कुठे शांतता झाली की गाणं संपलं असं त्याला वाटतं आणि तो पुढचा नंबर लावतो. आई श्वास घ्यायला थांबली की नवा नंबर. पहिल्याच प्रयत्नात आईचे त्रेसष्ट तुकडे झाले. ज्या बाईला बाबा उभ्या आयुष्यात मध्ये तोडू शकले नाहीत, तिला या मेल्याने त्रेसष्ट वेळा तोडलं.

तेही मी पोटात घातलं असतं. पण सीडी भरली की शेवटी 'फायनलाइज' नावाचं एक बटण दाबावं लागतं, नाहीतर ती दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर वाजत नाही. ते दाबलं की आकडे उलटे मोजले जातात. चार मिनिटं, तीन, दोन, एक. आपण श्वास रोखून बसावं. आणि सात सेकंदं उरली की 'डिस्क एरर'. दर वेळी सातच! सहा नाही, आठ नाही. मुलाखतीला आलेल्या उमेदवाराने सगळी उत्तरं द्यावीत आणि स्वतःचं नाव विसरावं, असा प्रकार.

आता माझी एक चूक कबूल करतो, कारण ती तुझी वहिनी तुला सांगणारच आहे. बाबांच्या काळात रेकॉर्डिंग म्हटलं की सगळ्यांनी तोंड मिटून बसायचं, ही सवय तुला आठवतच असेल. तीच मी चालू ठेवली. रविवारी सकाळी दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, कुकर नाही, मिक्सर नाही, बोलायचं नाही, शिंक आली तर मोरीत जाऊन शिंकायची. असे अकरा रविवार गेले. शेवटी रेडिओ दुरुस्त करणारा घरी आला, त्याने हा सोहळा पाहिला आणि म्हणाला, "काका, हा टेपचा आवाज वायरीतून घेतो. इथे डबे आपटलेत तरी याला पत्ता लागायचा नाही." मी तीस वर्षं शाळेत ध्वनी हा धडा शिकवला, ताई. तुझी वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मग अकरा रविवारांचं साचलेलं एकदम बोलली, आणि ते मला कुठल्याही बटणाने थांबवता आलं नाही.

रेडिओवाल्याने डबा सतरा दिवस स्वतःकडे ठेवला आणि "आमच्याकडे छान चालतो" म्हणून परत आणून दिला. डॉक्टर समोर आला की दुखणं पळतं, त्यातली गत. घरी आणला, सीडी घातली, सात सेकंदं उरली आणि पुन्हा तेच. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी त्या डब्याला जे बोललो ते तुझ्या कानावर घालण्यासारखं नाही. तात्पर्य, सीडी झालेली नाही आणि होईल असं वाटत नाही. दोष सर्वस्वी यंत्राचा आहे, हे तू निःपक्षपातीपणे मान्य करशील अशी आशा आहे. औषधं वेळेवर घे.

तुझा,
धाकटा

ता. क. (चिमणे, हे सगळंच कंसात आहे, तेव्हा नीट ऐक. कॅसेट पुसली गेली. यंत्राने नाही, मी पुसली. डोकं फिरलं त्या रविवारी मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला गेलो. डब्याची दोन बटणं एकदम दाबायची हाताला इतकी सवय झाली होती, की जुन्या टेपरेकॉर्डरचीही प्ले आणि रेकॉर्ड मी एकदमच दाबली. त्याला स्वतःचा माइक आहे. आईच्या जागी आता मी आहे, एकोणचाळीस मिनिटं, डब्याला शिव्या देत, आणि शिव्यांच्या भरात आईचा आवाज येत नाही हेही मला कळलं नाही. शेवटची दोन मिनिटं तेवढी ती उरली आहे. माझी बडबड थांबते, खट्ट आवाज होतो आणि ती म्हणते, "तुमच्या डोक्यात काही शिरायचं नाही." ते ऐकून मी जमिनीवर बसून रडलो. तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस. यंत्र बिघडलं, एवढंच सांग.)

ता. क. दुसरा. ताई, चिमणीने कंस वाचून दाखवलाच असणार. मागच्या पत्रात कंसात लिहिलेली तुझ्या वहिनीची गोष्ट चार दिवसांत तिला तुझ्याच फोनवरून कळली होती, तेव्हा ही पोरगी काहीही गाळत नाही हे माहीत असूनच मी ते कंसात लिहिलं. तुला सरळ सांगायचं धैर्य झालं नाही. चुकलो.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं याचसाठी. येत्या रविवारी मी टेपरेकॉर्डरच उचलून तुझ्याकडे घेऊन येतो. (हे तुझी वहिनी पहिल्याच रविवारी म्हणाली होती. सीडी कशाला, आहे तेच उचलून न्या ताईंकडे. मी ऐकलं नाही.) उरलेली दोन मिनिटं तुला हवी तितक्या वेळा ऐकवीन. मग तू बोलायचंस. ती एकोणचाळीस मिनिटं तुला शब्दन् शब्द पाठ आहेत. आईची नक्कल करून तू तिच्याच हातचा मार खाल्ला आहेस, आणि बाबासुद्धा फसून स्वयंपाकघरातून "आलो, आलो" म्हणत यायचे. मी बाबांच्या जागी बसतो. तू तिच्या आवाजात सुरू कर आणि श्वास घ्यायलासुद्धा थांबू नकोस. मी मधे एक शब्द बोलणार नाही. मला तू रागावलीस तर सोसेल, ताई, पण या वेळी मला तिनेच रागवायला हवं आहे.