दोन देश आणि एक हत्यारपेटी

बाबा, परवा वर्गात एका मुलानं मला गाठलंच. दोन देशांमधला वाद शांततेनं कसा मिटवायचा, हे मी पोटतिडकीनं शिकवत होते: आधी आपसात बोलणी, मग तिसऱ्याची मध्यस्थी, नाहीतर लवाद, शेवटी आंतरराष्ट्रीय न्यायालय, आणि तिथंही दोघांची संमती हवीच. "पण मॅडम, निकाल मानलाच नाही तर? पोलीस तर नाहीत!" सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, अरे, पोलीस नसतात तिथंच खरं कसब लागतं. भांडण झालं तरी देश काही उचलून दुसरीकडे नेता येत नाही, शेजारीच राहायचं असतं. आणि मग त्यांना तुमची गोष्ट सांगितली.

दापोडीचं आपलं स्वयंपाकघर. तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून आलाय, उद्या कामगारांच्या वतीनं साहेबांशी बोलणी आहेत. आई पोळ्या लाटतेय आणि तुम्ही तिला साहेबांची बाजू सांगताय, अगदी साहेबांच्या थाटात. "बरोबरच आहे की हो त्यांचं!" असं आई म्हणाली की तुम्ही खूश. मी चिडून विचारलं, "बाबा, तुम्ही नक्की कुणाचे?" तर केवढ्यानं ओरडलात! "समोरच्याचं म्हणणं त्यालाच पटेल असं सांगता येत न्हाई, तोवर भांडायला जायचं न्हाई."

मुलांना हा नियम जाम आवडला. लगेच बाकं समोरासमोर लागली, एका नदीच्या पाण्यावरून भांडणारे दोन देश तयार झाले. एका मुलीनं समोरच्या देशाची तहान इतकी छान मांडली की तिकडचा वकीलच म्हणाला, "एवढं तर आम्हालाही सुचलं नव्हतं राव!" मी हसत होते आणि आतून शरमत होते. तुम्ही गेल्यावर दादानं तुमची हत्यारपेटी न विचारता चाकणला नेली, म्हणून मी वर्षभर त्याच्याशी बोलले नव्हते.

तास संपल्यावर स्टाफरूममधूनच फोन लावला. "दादा, आज तुझी बाजू मी सांगते. बाबांनी नट-बोल्टचे पाने ओळखायला तुला शिकवलं. त्यांचंच काम तू करतोस. पेटी तुझ्याकडे वापरात राहील, माझ्याकडे नुसती शोभेला." तो म्हणाला, "आणि दर रविवारी पुसून तेल लावायचीस ती तू. मी विचारायला हवं होतं गं." बाबा, मी रडले आणि लगेच वेड्यासारखी हसले.

रविवारी तो पेटी घेऊन हजर. आता नवीनच भांडण: तो म्हणतो तू ठेव, मी म्हणते तू. शेवटी वहिनीनं निकाल दिला, सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. दोघांनी मुकाट्यानं मानला, पोलीस लागले नाहीत. फक्त चौदा नंबरचा पाना हरवला म्हणून दादा फार हळहळला, घर पालथं घातलं म्हणे. मीही हळहळले. हे पत्र माझ्या पर्समध्येच राहणार, बाबा, त्या पान्याशेजारी. दादानं पेटी नेली त्याच्या आदल्याच दिवशी मी तो काढून घेतला होता, कुणालाही न विचारता.