उतारावर वाजणाऱ्या मोटारीची निरवानिरव

मी, नागप्पा वल्द कल्याणप्पा, धंदा मोटार चालवणे, राहणार येडशी, जिल्हा उस्मानाबाद, ज्याला आम्ही धाराशिवच म्हणतो, हे मृत्युपत्र स्वतःच्या उजव्या हाताने लिहीत आहे. गेल्या उन्हाळ्यात अंगावरून वारे गेले आणि डावी बाजू लुळी पडली. क्लच दाबणारा पाय नेमका तोच. डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकाने किंवा भुलावणीने लिहीत नाही. मला भुलवायला या घरात कोणाला सवड नाही.

कलम पहिले. राहते घर व शिलकीत जे काही निघेल ते पत्नी सिद्धम्मा हिचे. ती हयात आहे तोवर तिला घरातून कोणी ऊठ म्हणू नये. संसार तिने केला, मी फक्त मोटार केली.

कलम दुसरे. धाकटा भाऊ गुंडप्पा यास काहीही देऊ नये. मोटार दारात आली त्या दिवशी तो चारचौघांत म्हणाला होता की, आपल्या लिंगायतांत मढे बसवूनच नेतात, तेव्हा मागची सीट कामाला येईल. लोक हसले, मीही हसलो. आता हसू येत नाही. मला रीतीप्रमाणे बसवून माणसांच्या खांद्यावरून न्यावे. मोटारीतून नेऊ नये. वाटेत उतार आहे, आणि त्या दिवशी तरी माझ्या मागे फटाके नकोत.

कलम तिसरे. फटाक्यांचा खुलासा करणे भाग आहे. मोटार विलायती, माझ्या हाती आली तीच दुसऱ्याकडे जवानी घालवून. येडशी स्टेशन ते धाराशिव उतारू नेते. चढावर गरीब गाय. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागच्या नळीतून फट्, फट्, फटाक. कारण शोधण्यात माझी उमेद गेली. आधी संशय पेट्रोलवर घेतला. कार्बोरेटरचा स्क्रू एकीकडे फिरवला तर काळा धूर, दुसरीकडे फिरवला तर आवाज दुप्पट. मग ठिणगी उशिरा पडत असेल म्हणून तिची वेळ मागेपुढे केली. आवाज थोडा कमी झाला, गेला नाही. व्हॉल्व्ह काढून, घासून परत बसवले. मोटार ओढू लागली छान, आणि वाजूही लागली छान.

आता एकच जागा राहिली. धुराची नळी इंजिनाला जोडली आहे तो सांधा. पाय उचलला की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, न जळलेले पेट्रोल तापल्या नळीत तिला भेटते आणि भडकते, असा माझा तर्क आहे. खात्री करायची तर इंजिन गार असताना सुरू करून एकाने मागची नळी ओल्या पोत्याने दाबायची, दुसऱ्याने सांध्यावर रिठ्याचे फेसाळ पाणी सोडायचे. बुडबुडा येईल तिथे दोष. दोन माणसे लागतात. मी धडधाकट होतो तेव्हा दुसरा मिळाला नाही, आणि आता मी अर्धाच आहे. मुलगा महांतप्पा मोटार चालवतो. त्याला कितीदा सांगितले. तो म्हणतो, "अप्पा, मोटार चालती न्हवं? मग वाजंना का."

कलम चौथे. सध्या दिवस कसे आहेत हे सांगायला नको. कधी तेर गावाकडचे भाडे मिळाले आणि तिकडे आमची मोटार वाजली की लोक दारे लावून घेतात. मागल्या आठवड्यात उतारावर कोणीतरी आमच्या फटफटाटाला बंदुकीने उत्तर दिले. मडगार्डला भोक पडले. माणूस रझाकार होता की त्यांच्याशी लढणारा, हे भोकावरून कळत नाही. म्हणून मोटार महांतप्पाला न देता सिद्धम्माला देतो. आवाज बंद होईपर्यंत तिने ठिणगी वाटून देणारा तो लहान तुकडा आपल्या पेटीत ठेवावा. त्याच्याशिवाय मोटार जागची हलत नाही.

हे लिहिले खरे, पण तिच्या पेटीत ठेवलेला तो तुकडा आज सकाळी तिनेच महांतप्पाला काढून दिला. धाराशिवच्या मठातल्या सोमलिंग स्वामींचीच साक्ष हवी, असा हट्ट मी धरला होता. पोराला वाचवणारा कागद पुरा व्हावा म्हणून स्वामींना आणायला मीच पोराला त्या रस्त्यावर धाडले.

कलम पाचवे. पाने, हातोडी आणि त्या सांध्यासाठी मी कापून ठेवलेले तांब्याचे गॅसकेट महांतप्पाला. जुना टायर शेजारी हरिबा धनगर याला, चपला करायला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणतात, म्हणून त्याने तो आजच उचलून न्यावा.

इथवर लिहिले आणि दिवेलागणीला उतारावर दोन बार झाले. उंबऱ्याशी बसलेला हरिबा म्हणाला, "आली बगा मोटार, नागाण्णा."

"न्हाय," मी म्हणालो. "आपली मोटार अशी सुटी सुटी वाजत न्हाय. ही बंदूक हाय."

तो काठी घेऊन पळाला. सिद्धम्मा रस्त्यावर जाऊन उभी राहिली आहे. मला उठता येत नाही. हाक मारली तर ती उतारापर्यंत पोचणार नाही. उजवा हात चालतो म्हणून लिहीत बसलो आहे. मला भीती वाटते आहे. ज्या आवाजाला जन्मभर शिव्या घातल्या, त्याच्यासाठीच आता लेखणी ठेवून गळ्यातले लिंग मुठीत धरतो. वाज, बाई. एकदा वाज.

वाजली. फट्, फट्, फटाक, एकावर एक, घसा बसल्यासारखी. माझी लुळी बाजूसुद्धा हलली असे वाटले.

महांतप्पा सुखरूप आहे. बार ऐकून त्याने मोटार झाडीत थांबवली होती. कोणी कोणावर झाडले ते त्याला ठाऊक नाही. स्वामींच्या कपाळावरचे भस्म घामाने ओघळले आहे. आल्या आल्या पोरगा म्हणाला, "अप्पा, उद्या सकाळी स्वामींना परत सोडाया जायाचंय."

म्हणून कलम चौथे रद्द. तो ऐकणार नाही, त्याची आई त्याला नाही म्हणणार नाही, आणि कागदाने यातले काहीच बदलत नाही. मोटार महांतप्पाचीच. मात्र उद्या निघण्याआधी हरिबाने पोते दाबावे, महांतप्पाने रिठ्याचे पाणी सोडावे, आणि बुडबुडा दिसला तर गॅसकेट बसवूनच मोटार बाहेर काढावी. मग ती उतारावरून मुकाट येईल आणि कोणी तिच्यावर बंदूक उचलणार नाही. इथे पडल्या पडल्या मलाही मग कळणार नाही, तो येतो आहे की वाटेतच राहिला. दाराची कडी वाजेपर्यंत कळणार नाही. तरीही तो आवाज बंद करावा. त्या आवाजावर माझा जो काही हक्क आहे तो मी, राजीखुशीने नव्हे, पण पूर्ण शुद्धीवर, आज सोडून देत आहे.

सही: नागप्पा वल्द कल्याणप्पा

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही केली:
१. सोमलिंग स्वामी, मठ धाराशिव (सही)
२. हरिबा वल्द बिराप्पा, येडशी (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम येडशी, श्रावण वद्यातला सोमवार, फसली सन १३५७, इंग्रजी ३० ऑगस्ट १९४८