खळीचे गोळे आणि गावाचा कळवळा

प्रिय काक लोंग,

धाकट्या रुबियाचा सलाम घे, आशीर्वाद दे आणि मगच चष्मा शोध. (डोक्यावर असेल.) थोरल्या बहिणीला आधी तब्येत विचारावी अशी रीत आहे, म्हणून विचारते : गुडघा काय म्हणतो? शाह आलम शहरातल्या तुमच्या त्या उंच इमारतीतली लिफ्ट चालते, की तीही तुझ्यासारखी दुपारी आडवी होते? माझी साखर थोडी वाढली आहे, बाकी मी ठणठणीत. फक्त गावात तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. तुझ्या लेकाने फोनवर दाखवलं असेलच. नसेल, तर बरंच झालं, खरं काय ते माझ्याकडूनच ऐक.

आईचे खळीचे गोळे आठवतात तुला? कासवं यायची नाहीत त्या महिन्यांत मी अंड्यांसाठी हातपाय आपटायला लागले, की आई मासा कुटायची, त्यात साबुदाण्याचं पीठ मळून पांढरे गोळे वळायची आणि प्रत्येकावर अंगठ्याने एक खळी पाडायची. कासवाच्या अंड्यावर असते, हुबेहूब तशी. मी फसायचे. तू फसायची नाहीस, पण सांगायचीही नाहीस. आईकडे बघून डोळा मिचकवायचीस आणि गुपचूप बसण्याची मजुरी म्हणून माझ्या ताटातला एक गोळा उचलायचीस. (ते मला दिसायचं. आज सांगते.) आई गेली, पण माझा अंगठा अजून तिचंच ऐकतो. बाजारात विकायचे गोळे असले तरी खळी पडतेच.

तर झालं असं. आमची सुहैला सून म्हणून गुणाची आहे, फक्त तिच्या हातात फोन आला की चुलीवरचं करपतं. तिने टोपलीतल्या गोळ्यांचा फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला. खाली लिहिलं, ‘सासूबाईंच्या हातची, आपल्या किनाऱ्याची जुनी चव. मोजकीच आहेत, लवकर सांगा!’ सगळं लिहिलं, ‘मासा’ तेवढा लिहायचा राहिला. आणि कासवाची अंडी विकायला आता बंदी! दुपारी ती धावत आली, “आई, तुम्ही गाजलात!” मी म्हटलं, “कशासाठी गं?” तर चेहरा पाडून म्हणते, “तेच वाचतेय. बहुतेक तुरुंगासाठी.”

काक लोंग, काय तो कळवळा! फोटोखाली रडकी तोंडं काय, हिरवी बदामं काय! ज्यांनी जन्मात समुद्रात घोटा बुडवला नाही, ते क्वालालंपूरला बसून मला वाळूत गाडायला निघाले. उंटावरून शेळ्या हाकायला लागतं काय? सगळ्यांत लांबलचक लिहिलं आपल्या चिकगू हसबुल्लांनी (शाळा सुटून इतकी वर्षं झाली, पण मास्तरांचा निबंध काही सुटत नाही). कासवाच्या डोळ्यांतलं पाणी, माणसाची हाव, पुढच्या पिढ्या, सगळं आलं त्यात. वाचता वाचता मलाच माझी चीड आली. आणि संध्याकाळी त्याच चिकगूंचा सुहैलाला खाजगीत निरोप : “खरी असतील तर थोडी बाजूला ठेव, पोरी. दम्यासाठी हवी होती.” असे निरोप बरेच होते. खायचे दात वेगळे म्हणतात, ते मी फोनवर पाहिले.

दुसऱ्या दिवशी दोन साहेब तपासाला आले. मी गोळे नारळाच्या रश्शात सोडले आणि भातासोबत वाढले. कासवाच्या अंड्याचं पांढरं कितीही उकळलं तरी घट्ट होत नाही, हे त्या पोरांना कुठलं ठाऊक असायला? त्यांनी तपास मन लावून केला. थोरल्याने तर दोनदा वाढून घेतलं. पुरावा संपल्यावर म्हणाले, “मावशी, मासाच आहे.” मग सुहैलाने तेही फेसबुकवर लिहिलं. ते चार जणांनी वाचलं, त्यांतली एक मी. ज्यांनी शिव्या दिल्या ते दुसरीकडे रडायला गेले, आणि ज्यांनी मागणी केली होती ते उलट माझ्यावरच रागावले, मी फसवलं म्हणून!

हसून घे, मग पुढचं वाच. त्या रात्री मला आपल्या लहानपणीच्या त्या थोरल्या कासविणी आठवत राहिल्या. होडीएवढ्या, पाठीवर कमरखाच्या फळासारख्या उभ्या धारा. श्वास टाकला की घरात ऐकू यायचा आणि तू म्हणायचीस, “झोप, आजी आल्यात.” आपण खात गेलो, त्या येत गेल्या, म्हणून वाटलं येतच राहतील. आता वाळू झाडून ठेवल्यासारखी कोरी असते. मला त्यांची फार आठवण येते गं. आईइतकीच येते.

सगळ्यांना सलाम.

तुझी,
रुबिया

ता. क. – हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पत्र लिहिलं ते यासाठी : साहेब लोक गेले त्याच आठवड्यात, सकाळी, घरामागच्या बदामाखाली वाळूत माग दिसला. ती आजी नव्हे, हिरवं कासव, पण आपल्याच दाराशी. अंडी घालून गेली आहे. कासवांच्या केंद्रातल्या मुलीला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, जागा चांगली आहे, राहू द्या, पण राखण करा. सुहैलालासुद्धा बोलले नाही. घोरपड आली तर मी हाकलीन, चिकगू आले तर आपण दोघी लागू.

ता. क. २ – काल चिकगू कुंपणापाशी थांबून विचारत होते, “जाळी कशावर घातलीयस गं?” मी म्हटलं, “गोळे वाळत घातलेत.” तोंड वाकडं करून गेले. माझ्याकडचं गोल-पांढरं आता सगळ्या गावाला मासाच वाटतं. पण पिल्लं बाहेर पडेपर्यंत एकटीने राखण करणं माझ्याच्याने होत नाही. ये. आई गेल्यापासून आली नाहीस. कासवीण अख्खा समुद्र पोहून जन्मल्या किनाऱ्यावर येते, तुला तर बस मिळते.