दादा मला मॅडम म्हणतो

गडचिरोली, १२ डिसेंबर

आई,

तुला आणि बाबांना जयभीम. मी बरी आहे, डबा वेळेवर येतो. बाबांचा खोकला कमी झाला का?

आमचं जंगलाचं प्रदर्शन सुरू झालं. आमच्या भिंतीवर झाडांच्या साली आहेत. सालीवर हात ठेवला की आतल्या स्पीकरमधून त्या झाडावरचं पाखरू बोलतं, मोहाच्या सालीजवळ फुलांचा वास येतो. दादासारखं ज्यांना दिसत नाही, त्यांना कुणाला काही विचारावं लागत नाही. डोळस माणसंही तिथे रेंगाळतात.

उद्घाटनाला दादा ऊर्जानगरहून बसनं एकटा आला, हे त्यानं सांगितलं असेल. पुढचं सांगितलं नसेल. तो पाहुण्यांना मोठ्यानं म्हणत होता, "डोळे मिटा ना जी, पाहून काई समजत नाई." पाहुणे हसत होते. आमच्या साहेबांनी मला विचारलं, "हे कोण?" मी म्हणाले, "भिंतीच्या चाचणीसाठी बोलावलं होतं." मला त्याच्या बोलीची लाज वाटली. तो माझ्या शेजारीच उभा होता.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "मॅडम, बसस्टँडले जायाले ऑटो कुठी भेटन?"

तेव्हापासून मी फोन केला की तो "राँग नंबर लागला, मॅडम" म्हणून ठेवतो.

काल मी साहेबांना सांगितलं की तो माझा सख्खा भाऊ आहे. ते म्हणाले, "मग त्या दिवशी का नाही सांगितलं?"

दादाही तेच विचारेल. हे पत्र त्याला वाचून दाखव. त्याला लागेल असं काही आलं की तू ते गाळतेस. लाजेचं वाक्य गाळू नकोस.

तुझी,
रिना